निळे हात

सेगू, १२ जानेवारी

माझी लाडकी सवत चि. आसितान हिस न्येले आजीचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यांत आधी उगवली ती शेजारची सिरा, मीठ मागायचं निमित्त करून. तुझ्या वर्गातली काजा आणि तो उंच मुलगा माझा फोटो काढायला बसमधून उतरायच्या आत ही नवा रुमाल बांधून दारात हजर. तुझा हिवताप उतरला का? आजी-नात म्हणजे आपल्याकडे थट्टेतल्या सवती; आजोबा असते तर या धाकट्या बायकोच्या काळजीने जेवले नसते, थोरलीला कोण विचारतं.

तर पोरांनी भिंतीवर फुलाफुलांचं कापड टांगलं. बामाकोचे ते जुन्या काळचे थोरले फोटोवाले बसवायचे तसं मला तिरकं बसवलं, हनुवटी खांद्याकडे. मग काजाने पांढरे हातमोजे काढले. मास्तरांनी दिलेत म्हणाली, हात नाजूक दिसायला हवेत. मी ते सिराला देऊन टाकले, तिला शोभतात. मी आपले कोपरापर्यंत निळे हात मांडीवर पसरून बसले. चाळीस वर्षं कापड रंगवतेय, नीळ आता नखांतून जायची नाही.

पोरांना बाजरीच्या पिठाचा घट्ट 'तो' शिजवून वाढला, भेंडीच्या कालवणाशी. उंच मुलगा तीनदा जेवला. तब्येतीला जप, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

तुझी थोरली सवत,
न्येले जारा

बामाको, २० जानेवारी

ती. आजीस आसितानचा सा. न. वि. वि.

ताप उतरला, पण दुसरंच दुखणं आलंय. त्राओरे मास्तरांनी आपला फोटो परत केला. म्हणतात, त्या थोरल्या फोटोवाल्यांच्या फोटोत माणसं नटूनथटून येत, कामाचे हात घेऊन कुणी बसत नसे. तिघांचं मिळून हे एकच काम आहे. महिनाअखेर नवा फोटो दिला नाही तर वर्गाच्या प्रदर्शनातून नाव जाईल आणि वर्षही. ते स्वतः सेगूला यायला तयार आहेत. आजी, एकदाच मोजे घाल ना. माझ्यासाठी.

तुझीच, लोभाची हक्कदार,
आसितान

सेगू, २७ जानेवारी

चि. आसितान हिस अनेक आशीर्वाद.

नाही घातले. रागाव हवं तर.

मास्तर काल काजाला घेऊन आले, हातात मोज्यांचा नवा जोड. आडनाव ठाऊक होतं, तरी मुद्दाम विचारलं. त्राओरे म्हणताच मी म्हटलं, तरीच, चवळी खाऊन खाऊन डोळ्यांवर झापड आलीय. जारा-त्राओरेंनी एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचा जुना रिवाजच; आमचं बोलणं त्राओरेला हसून गिळावं लागतं, रागावला तर पूर्वज हसतील. तेही काही कमी नाहीत. म्हणाले, चवळीचं पातेलं चोरून पळाले ते जाराच. काजा हसून हसून लोळली.

मग मी पेटीतून माझा जुना फोटो काढला. थोरल्यांनीच काढलेला, मी एकोणीस वर्षांची. त्यात माझ्या हातांत मोजे आहेत. मास्तर खुलले, हेच तर म्हणत होतो म्हणाले. मी सांगितलं, बाबा, ऐका. माझी सासू म्हणाली होती, सुनेचे हात मढ्यासारखे दिसतात. थोरल्यांनी मला विचारलं, मुली, तुला कसं दिसायचंय? मी रडवेली होऊन म्हटलं, हात लपवा. त्यांनी लपवले. गिऱ्हाइकाला विचारायचं, ही त्यांची रीत. तुम्ही मोजे तेवढे उचलले आणि विचारणं विसरलात. तेव्हा मला लाज होती. आता नाही.

मास्तरांनी तिसरा चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "आजी, तुम्हाला कसं दिसायचंय?"

"उभी. बाह्या वर करून. निळीच्या रांजणाशेजारी."

वाऱ्याने मागचं कापड उडत होतं, ते मास्तरांनी स्वतः धरलं. तुमचा पहिला फोटोही प्रदर्शनात लागेल, हात दिसतील असाच. त्यांनी कबूल केलंय. सिरा आणि आमच्या साऱ्या रंगारणी आता फोटोसाठी हटून बसल्यात. प्रत्येकीला आधी विचारायचं, अशी अट मी घातली.

माया आहे तशीच ठेव, वाढली तर नको म्हणणार नाही.

न्येले जारा

ता. क. सगळा वर्ग घेऊन येतो म्हणालेत मास्तर, येत्या सोमवारी, बाजार उठल्यावर.