खांबामागची ताई

प्रिय ठमे,

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुला बसमध्ये बसवताना दर आठवड्याला लिहीन म्हणालो होतो आणि इकडे हिवाळा सरला तरी माझी एक ओळ नाही. डोळ्यांचं निमित्त सांगता आलं असतं. पण खरं म्हणजे तुला बरं वाटेल असं काही हाताशी नव्हतं, आणि रडगाणं लिहून पाठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता सांगण्यासारखं आहे. त्याआधी एवढं कळव, की तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी नीट बसते ना? रात्री वारं आत येत असेल तर फटीत कागद कोंब. शिवणाच्या कारखान्यात पंख्याखालची जागा घेऊ नकोस, तुला लगेच खोकला होतो. आणि झोपताना गॅसचं बटण दोनदा बघत जा. मी इथून किती वेळा मनातल्या मनात ते बंद करतो, तुला काय सांगू.

तर चर्चमध्ये गाणं बसवणारा आपला इस्त्रीमास्तर. हे नाव तूच ठेवलंस, आणि माणूस आहेही तसाच, गाताना मानेची घडी मोडणार नाही. तुझा वर्ग काढून घेतला त्या चर्चच्या बैठकीत तो काय म्हणाला ते तुला अर्धंच ठाऊक आहे. देवाच्या घरात चित्रांचा बाजार मांडते, पोरांना भजनं शिकवते की माकडचेष्टा, एवढं तू ऐकलंस आणि उठून गेलीस. तू गेल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, पोरांना तिची सवय झाली आहे, त्यांचं काय करायचं? तेव्हा तो बाहीची घडी सारखी करत म्हणाला, "लहान मुलं आहेत. महिनाभरात तिचं नावही विसरतील." मी दाराशी लोकांच्या छत्र्या सांभाळत उभा होतो, दारावरच्या म्हाताऱ्याला बैठकीत कोण विचारतो? पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या दाढेखाली खड्यासारखं बसलं. जेवताना तिथेच, चर्च झाडताना तिथेच.

तू गाव सोडल्यावर मास्तरने आपली खिडक्यांची फळी अडगळीच्या खोलीत टाकायला लावली, तीही ओल आलेल्या भिंतीला टेकवून. मी गुपचूप जाऊन तिच्याखाली विटा सरकवल्या. पाट्या रंगवण्यात माझा जन्म गेला, पण त्या फळीइतकं जिवापाड काम मी दुसरं केलं नाही. पाच खिडक्या, प्रत्येकीला बिजागरी, आत सरकवायची चित्रं. एक ओळ गायची की एक खिडकी उघडायची. तिरळा मासा तर तुझ्याच हातचा. डोळा वाकडा गेला म्हणून तू रडवेली झालीस आणि पोरांनी त्यालाच डोक्यावर घेतलं.

पुढचे महिने मास्तर छडीने मेजावर ताल धरून शब्द घोकून घेत होता आणि पोरं आपापल्या बुटांकडे बघत ओठ हलवत होती. बाहेरून ऐकलं तर गाणं म्हणतात की औषध पितात ते कळू नये. तेवढ्यात वार्षिक सभेला मोठे धर्मगुरू येणार असं ठरलं, आणि मुलांचं गाणं व्हायलाच हवं असं पाळकसाहेबांनी बजावलं. झालं, इस्त्रीला घाम फुटला. एके दिवशी मला म्हणतो, म्हातारबुवा, ती फळी पुसून आणा. मी आणली. तर माझ्यादेखत पाळकसाहेबांना सांगतो कसा, की मुलांसाठी मी एक नवी पद्धत काढली आहे. नवी! ठमे, माझ्या हातात फडकं होतं. ते त्याच्या तोंडावर मारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मग मी जे केलं ते फक्त तुला सांगतो आहे. सभेच्या दिवशी सकाळी, घंटेच्या आधी, मी खिडक्यांतली चित्रं बदलून ठेवली. सूर्याच्या जागी तिरळा मासा, नदीच्या जागी डोंगर, पाखराच्या जागी सूर्य. पोरं चित्र बघून गातात. त्यांची गाडी रुळावरून घसरेल, सगळ्यांसमोर मास्तरची फजिती होईल आणि नव्या पद्धतीचे धिंडवडे निघतील असा माझा हिशेब. पोरांचीही फजिती होईल हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं, इतका राग होता. माझं जेवणसुद्धा झालं नव्हतं. दाराची मूठ धरून उभा होतो.

पोरं पायऱ्यांवर उभी, तोंडं लोकांकडे. पाहुणे पहिल्या बाकावर. लोकांनाही दिसावी म्हणून मास्तरने फळी जरा तिरकी ठेवलेली. पहिली ओळ आभाळातल्या दिव्याची. त्याने ऐटीत खिडकी उघडली आणि आतून तिरळा मासा बाहेर बघायला लागला. मास्तर जागीच थिजला. पण पोरं? पोरं हसली. इतक्या महिन्यांत मी त्यांना तिथे हसताना पाहिलं नव्हतं. आणि माशाकडे बघत त्यांनी आभाळातल्या दिव्याची ओळ अशी मोठ्याने म्हटली, की बाकं हादरली. पुढची खिडकी चुकीची, ओळ बरोबर. त्याच्या पुढची चुकीची, ओळ बरोबर आणि आवाज दुप्पट. मला काही उमजेना. माझा डाव फसला असंच वाटलं. गाणं संपलं आणि सगळ्या पोरांनी एकदम हात वर करून लोकांच्या डोक्यावरून थेट माझ्या दाराकडे बोटं रोखली. वाटलं, पकडलो गेलो. तर सगळी एका सुरात ओरडली, "ताई, सापडलीस!"

हा तुझा चोरखिडकीचा खेळ मला कुठे ठाऊक होता, पोरी? मी रविवारी दारावर, तू मागच्या वर्गात. पोरांनीच नंतर समजावलं, की कधी कधी ताई मुद्दाम चुकीची चित्रं लावून लपते, आपण फसायचं नाही, आणि शेवटी ती जिथे लपली असेल तिकडे बोट दाखवायचं. सभेच्या जागेत माझ्या दाराजवळच्या खांबाशिवाय लपायला जागा नाही, एवढं त्यांनी बरोबर ताडलं. पाहुण्यांसकट सगळी सभा मागे वळून बघत होती. दारात मी एकटा. पोरांचे हात खाली येईनात. मग ती सगळ्यांत धाकटी, दात पडलेली, पायऱ्या उतरली, बाकांमधून चालत माझ्यापर्यंत आली, खांबामागे वाकून बघून आली आणि म्हणाली, "आजोबा, ताई कुठंय?"

मी मास्तरकडे बघितलं. त्याचा हात अजून शेवटच्या खिडकीवर होता आणि कान लाल झाले होते. पाहुण्यांनी विचारलं, ही ताई कोण? आणि पाळकसाहेबांना सगळ्यांसमोर सांगावं लागलं, की फळीही तिची, गाणंही तिचं आणि ती आता इथे नसते. का नसते, असं पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा बैठकीतली सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघू लागली. विसरतील म्हणे! ठमे, त्या दिवशी मी दोन वेळचं एकदम जेवलो.

परवा मास्तर आपल्या दारात आला. चित्रं आपल्याच हातून उलटसुलट लागली असं तो धरून चालला आहे, आणि मी त्याचा गैरसमज दूर करणार नाही. त्याला आत बोलावलं नाही. तुमच्या मुलीचा पत्ता हवा, म्हणाला. मी म्हटलं, वय झालं हो, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला. तो मोठ्याने बोलला. मी कानाला हात लावला. शेवटी शेजारीण धुण्याचा पिळा हातात घेऊन बाहेर आली, वरच्या मजल्यावरचा न्हावी जिन्यात थांबला, आणि मास्तरला सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं, "माझी चूक झाली, तिला परत बोलवायचं आहे." तेवढं मला स्वच्छ ऐकू आलं.

पत्ता मी दिला, आणि म्हणूनच हे पत्र घाईने लिहितो आहे. येत्या शनिवारी तो तुझ्या दारात उभा राहील, त्याच्याआधी हे तुला मिळायला हवं. त्याला ताटकळत ठेव. पाण्याचंही विचारू नकोस. बैठकीतलं ते वाक्य त्याला त्याच्याच तोंडाने म्हणायला लाव, म्हणताना त्याची घडी कशी मोडते ते बघ आणि मला सविस्तर कळव. पण दार लावून घेऊ नकोस, पोरी. सूड माझा होता, तो फिटला. वर्ग तुझा आहे. ती धाकटी अजून दर रविवारी आल्या आल्या खांबामागे डोकावते, मग माझ्याकडे बघते, आणि तिला काय सांगावं ते मला सुचत नाही. घर तर मी झाडूनच ठेवतो. येतेस की नाही, एवढं एका ओळीत लिही, पण लवकर लिही, मी टपालवाल्याच्या वाटेवरच बसलेलो असतो.

तुझाच,
दारावरचा म्हातारा बाप