अठराचा फरक

दि. ९ मार्च

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढतो. तुझी वहिनी गेल्यापासून रेडिओ दिवसभर सुरू असतो. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत, म्हणून दाखवायला मात्र भिंतीच उरल्यात.

परवा आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेलो होतो. तुझ्या-माझ्या टेबलांच्या जागी आता एकच मोठा पडदा आहे. तिथल्या एका मुलीला म्हटलं, "प्रथिनांच्या तुकड्यांची वजनं आम्ही पट्टी लावून वाचायचो. आलेखातल्या दोन शिखरांमधलं अंतर मोजायचं, की प्रथिनाच्या साखळीतली एक कडी कळायची."

"हाताने? बाप रे!" ती हसली. "आता संगणक हजारो आलेख मिनिटांत वाचतो, काका. तरी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नाही हं! खऱ्या साखळ्यांत आम्ही उलट्या लिहिलेल्या खोट्या साखळ्या मिसळतो. खोट्यांना तो किती वेळा 'जुळलं' म्हणतो, त्यावरून त्याच्या चुकांचा अंदाज येतो."

"इथे ही युक्ती पहिल्यांदा कुणी आणली?"

"काय माहीत! पहिल्यापासूनच असेल."

धाकट्या, तुझं नाव मी तिथेही घेतलं नाही.

ती बैठक तुला आठवतच असेल. आलेख वाचणारा तुझा प्रोग्रॅम आणि माझं वाचन जुळेना, तेव्हा तू चाळीस आलेख पुढे केलेस, प्रत्येकासोबत एक साखळी. "दादा, यातल्या काही खोट्या आहेत. एकदा स्वतःला तपासून घे की."

"काल नाक पुसायला शिकला आणि आज माझी परीक्षा घेतोय!"

सगळे हसले. तू हसला नाहीस. तुझा प्रोग्रॅम बासनात गेला आणि महिन्याभरात तूही प्रयोगशाळा सोडून गेलास. ते कागद फाडून टाकले, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही.

फाडले नव्हते. रविवारी घरी बसून सगळे सोडवले, मग तू दिलेल्या बंद पाकिटातल्या उत्तरांशी ताडून पाहिले. वीस खोट्यांपैकी अकरांवर मी "नक्की जुळते" असं लिहिलं होतं, खाली रेघ ओढून. उलट्या साखळीचं एकूण वजन तेच. दुसऱ्या टोकापासून वाचली की शिखरंही जवळपास जुळतात; फक्त पाण्याच्या एका रेणूच्या वजनाचा, अठराचा, फरक पडतो. अकराही वेळा तो माझ्या नजरेतून सुटला. कवितेतला विसरलेला शब्द चालीवर भरून काढायची सवय ना मला. चाल सापडली, की उरलेलं मला दिसायचंच.

सोमवारी सांगायला हवं होतं. पुढचे तीन आठवडे तू समोरच्याच टेबलावर होतास. रोज डबा उघडताना वाटायचं, आज सांगू. एकवीस वर्षं झाली. शेजारी विचारतात, भाऊ का येत नाही? मी म्हणतो, कामात असतो.

काल ते कागद घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेलो. सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. ते म्हणाले, "काका, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता कुणाला काय?"

म्हटलं, "माझ्या भावाला."

लिहून दिलेल्याची प्रत सोबत आहे. उत्तराची घाई करू नकोस, असं लिहिणार होतो. पण मला ऐंशी पुरी झाली रे. जमलं तर घाई कर.

तुझं बरोबर होतं.

दादा