कोरफडीची वाटी

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? आमच्या लॉन्ड्रीत हल्ली हॉटेलच्या चादरींचा नुसता ढीग असतो. इस्त्री करून करून मीच सपाट झाले आहे.

तू पाठवलेला कडुलिंबाचा पाला आणि कोरफडीचं रोप मिळालं. तू सांगितलंस तस्संच केलं. पाला उकळून अंघोळीच्या पाण्यात, डॉक्टरांचं मलम, वर कोरफडीचा गर. तरी माझ्या लेकीचा, आपल्या पिटुकलीचा, इसब जैसे थे. मान, कोपरं पुन्हा लाल. तुझ्याकडे सुट्टीत राहिली तेव्हा कातडी कशी मऊसूत झाली होती! पाला तोच, रोप तेच, मग माझ्याच घरी कुठे घोडं अडलंय? साबण बदलला, उशीचा अभ्रासुद्धा बदलला. डोकं चालेनासं झालंय बघ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाल्याला माझी ना नाही, पण मलम रोज लागतंय ना?" मी ठासून हो म्हटलं. पिटुकली छताकडे बघत होती.

काल लवकर घरी आले, तर ही न्हाणीघरात वाटीतला गर मोरीत ओततेय आणि मलमाची ट्यूब त्यावर पिळतेय! मी हात उगारला, तो तसाच राहिला.

"अगं, बरं नाही का व्हायचं तुला?"

"व्हायचंय. पण मावशीकडे."

"का? औषध तेच तर आहे!"

"मावशी लावते. तू वाटी ठेवून जातेस."

खरंच आहे ते. वाटी भरायची, "नीट लाव गं" म्हणायचं आणि पायात चपला सरकवायच्या. आठ वर्षांच्या पोरीचा हात पाठीपर्यंत पुरतो का, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग मीच लावायला बसले. "आई, इस्त्री नको करूस ना," म्हणाली. दोघी हसलो आणि मला एकदम रडूच फुटलं. का, ते मलाच सांगता येत नाही. तुझा राग आला, ताई. खोटं कशाला बोलू? तू तिला बरं केलंस, याचाच राग आला.

सुट्टी संपल्यावर तिला घेऊन निघताना दारात तू विचारलं होतंस, "राहू देतेस का हिला माझ्याकडे? कायमची?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुला मूल नाही, मला वेळ नाही. लोकांना वाटेल, यात अवघड ते काय? मला काहीच उमगत नाही. कधी वाटतं, तिच्या अंगासाठी तरी पाठवावी. कधी वाटतं, पाठवली तर बरी होईल आणि मग माझी राहणार नाही.

आज माझं उत्तर "नाही" आहे. उद्याचं मला ठाऊक नाही. पाला आता पुरे, पाठवू नकोस. लावताना तू हात किती हलका ठेवतेस आणि तेव्हा तिच्याशी काय बोलतेस, तेवढं मात्र लिही.

तुझी धाकटी,
आणि पिटुकलीची आई