चिखलातली नाकं

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तू ते हल्ली घेत नाहीस हे ठाऊक आहे, पण मोठ्या भावाकडे दुसरं देण्यासारखं असतं काय?

इकडे क्षेम, म्हणजे छप्पर जागेवर आहे. वादळात तुझ्या वहिनीने आधी शिवणयंत्र माळ्यावर चढवलं. मला खालीच ठेवलं.

नौदलाच्या तळावर मात्र पाणी शिरलं. उत्तरेला तू लावलेली झाडं मेली होती, तिथे नंतर मी बांधून घेतलेली काँक्रीटची भिंत आडवी झाली आणि धावपट्टीवर मासे उतरले, विनापरवाना. दक्षिणेला तुझी उरलेली तिवरं, खारफुटीची झाडं, होती. लाटा त्यांच्यात शिरल्या आणि दमून थांबल्या. मागचं दारूगोळ्याचं कोठार कोरडं! कमांडर साहेब गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणाले, "त्या बाईंना परत बोलवा. भिंत पुरे झाली, झाडंच हवीत."

तुझं उत्तर त्यांनी मला दाखवलं. 'माझी निम्मी झाडं चौथ्या वर्षी मेली. का, ते मला आजही कळलेलं नाही. तळाची सुरक्षा अशा हातांत देऊ नका.'

घरी येऊन ते तुझ्या वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, "अहो, आता तरी सांगा तिला."

सांगतो. लागवडीच्या चौथ्या वर्षी तू महिनाभर बाहेरगावी होतीस आणि तपासणीला वरिष्ठ येणार होते. उत्तरेच्या चिखलातून झाडांभोवती शेकडो काड्या वर आलेल्या, वेड्यावाकड्या. आमच्या तळावर दगडसुद्धा रांगेत उभे असतात. मी सैनिकांना म्हटलं, "हा कचरा छाटा." त्यांनी तो फूटपट्टी लावल्यासारखा छाटला. वरिष्ठ खूश! तू परतलीस तोवर गाळाने खुणा बुजवल्या होत्या आणि पानं पिवळी पडली होती.

त्या काड्यांनी झाड श्वास घेतं, हे मला पुढे तुझ्याच अहवालात वाचायला मिळालं. आमच्या गुरुजींनी ह्याला नासिकाच्छेद म्हटलं असतं. मी स्वच्छता म्हटलं. झाडं का मेली ते पाहायला नेमलेल्या समितीने दोष तुझ्या पद्धतीवर ठेवला तेव्हा इतिवृत्त मीच लिहीत होतो. सुवाच्य अक्षरात.

सोमवारी हे सगळं साहेबांना आणि समितीला लेखी दिलं. नक्कल सोबत आहे. माझी चौकशी लागेल, लागू दे. तुझ्या हातांत खोट नव्हती, बाळ. कधीच नव्हती.

उत्तरेचा चिखल मोकळा आहे. ये. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही.

तीन वर्षं तुला चुकीची ठरू देणारा,
दादा