जळतं टोक आत

प्रिय पोली अक्का,

पारादीपहून तुझा निरोप येऊन कितीतरी दिवस झाले आणि मी आज लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू मध्येच हसली असतीस आणि मी विषय बदलला असता. ते मला छान जमतं.

वेरावळची बोट सोडून मी गावी आलोय. का सोडली ते विचारू नकोस. बोट चालवणारा तांडेल चांगला होता, पण एकाच धक्क्यावर माझं मन किती टिकणार? तिथे एक चहावाला होता, आमच्या तेलुगूची अशी नक्कल करायचा की... जाऊ दे, सांगायचंय अम्माचं.

आल्या दिवशी तिने माझ्यासाठी खेकड्याचं कालवण केलं आणि स्वतः नुसती पेज घेऊन बसली. मी म्हटलं, का गं, उपास? तर म्हणे, "टाळूला आग होते रे तिखटाने." हात धुतले, कमरेचा चुट्टा काढला, पेटवला आणि नेहमीसारखं जळतं टोक तोंडात घालून सुकी मासळी निवडायला बसली. बोटीवर मी हे सांगायचो तेव्हा कुणी खरं मानायचं नाही. मी फुशारकीने समजवायचो, अरे, चुट्टा म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, किनाऱ्यावर वारा, हात ओले, तंबाखू विझू नये म्हणून आमच्या बायका विस्तव आत ठेवतात. त्या दिवशी मात्र मला ते बघवेना.

तोंड उघड म्हटलं तर ओरडली, "मी काय बाजारातली गाय आहे, दात बघायला?" शेवटी उन्हात बसवून बघितलंच. टाळू पांढरी, राठ, मध्ये लाल ठिपके, आणि एका बाजूला जखम, बरीच जुनी. शेजारची गौरम्मा आत्या तिथेच होती, तिच्याही तोंडात चुट्टा. म्हणाली, "माझी सासू म्हातारी होईस्तोवर अशीच ओढायची. गेली ती बैलगाडीवरून पडून." अम्मा म्हणाली, "मग माझ्यासाठीही एक बैलगाडी बघून ठेव." दोघी खिदळल्या. मी इस्पितळाचं नाव काढलं, तशी अम्मा टोपली उचलून बाजाराला चालती झाली.

म्हणून गौरम्मा आत्याला सांगून मी एकटाच विशाखापट्टणमच्या इस्पितळात आलो. डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, "आईचं तोंड गावाला ठेवून आलात का?" मग मात्र बसवून नीट सांगितलं. ओढणाऱ्या प्रत्येकीला कॅन्सर होतोच असं नाही, म्हणून तर लोक सासवांचे दाखले देतात. पण तंबाखूचं विष रोज त्याच कातडीवर, वरून विस्तवाचा चटका. कातडी जळते, भरते, पुन्हा जळते, आणि भरता भरता एखाद्या वेळी बिघडते, मग वाढतच सुटते. सोबत दारू असेल तर धोका आणखी. वय वाढतं तसाही तो वाढतो. देवीचा कोप नाही, शेजारणीकडून येतो असंही नाही. मी विचारलं, मग एकाच घरात मायलेकींना कसा होतो? त्यांनी उलट मलाच विचारलं, "लेकीला ओढायला कोण शिकवतं?"

अक्का, हे पत्र अम्मासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तुझी दाढ ठणकत होती तेव्हा अम्माने आपला चुट्टा तुझ्या तोंडात दिला, धुराने बधिर होईल म्हणून. दाढ गेली, चुट्टा राहिला. तू चुलीमागे ओढतेस, बावाला, तुझ्या नवऱ्यालाच, पत्ता नाही, हे मला ठाऊक आहे. आरसा घे, उन्हात बस, टाळू बघ. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, ओढणं सोडलं तर पुष्कळदा ते मागेही हटतं, असं बाई म्हणाल्या. पण काही दिसो न दिसो, चुट्टा सोड आणि डॉक्टरला तोंड दाखव. हवं तर मी पारादीपला येतो, मला काय, कुठेही जायला निमित्तच लागतं.

इस्पितळाच्या पायरीवर बसून लिहितोय. थांब जरा. फाटकातून गौरम्मा आत्या येतेय, आणि तिचा हात धरून, अगं, अम्मा! सणाची साडी नेसलीय. माझ्या हातात चुट्ट्यांची अख्खी पुडी कोंबली आणि पहिलं विचारलं, "पोलीला कळवलंस का रे? तिचा पहिला मीच पेटवून दिला होता."

तुझाच,
दानय्या