सासूबाईंच्या चिमूटभर बिया

३ फेब्रुवारी, सकाळी सात
ही लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना हातात पुडी ठेवली. सासूबाईंच्या बागेतल्या निळसर पिट्यूनियाच्या बिया. सासूबाई गेल्या, बागेवर इमारत आली (मी बांधलेली नाही). राहिल्या त्या या बिया. घरातच, खिडकीशी ट्रेमध्ये रुजवायच्या. वर माती घालायची नाही, असं तीनदा बजावलं. माझे कान तिखट आहेत, एकदा पुरे होतं.

४ फेब्रुवारी
बिया कसल्या, तपकीर नुसती. आणि वर माती नको? विटा वाहण्यापासून सुरुवात करून अठरा इमारती उभ्या केल्या. पाया खोल नसेल तर काही उभं राहत नाही. दोन इंच खाली पेरल्या. वरून थापी मारून लेव्हल बघितली. एक नंबर काम. निम्म्या राखीव ठेवल्या.

१५ फेब्रुवारी
काही नाही. माती भिकार. हिला फोनवर सांगितलं, डोकं वर काढतायत. आतल्या आत काढतच असतील.

१७ फेब्रुवारी
भिंतीपलीकडे शेजारचे मास्तर बायकोला सांगत होते, कंत्राटदारानं बिया पेरल्या नाहीत, पुरल्या. राखीव बिया दुसऱ्या ट्रेमध्ये नुसत्या वर भुरभुरल्या. मास्तरांचा संबंध नाही. माझं आधीच ठरलं होतं.

२६ फेब्रुवारी
उगवल्या. एकतीस. हिरव्या टाचण्या जणू. फोनवर चार-चार पानं सांगितली. काम थोडं पुढचंच सांगावं लागतं, नाहीतर गिऱ्हाईकाचा धीर सुटतो. नव्या स्लॅबसारखं दिवसातून तीनदा पाणी. क्युरिंग मला कोणी शिकवू नये.

२ मार्च
अकरा आडव्या. बुडाशी काळ्या. तहान असणार. पाणी वाढवलं.

४ मार्च
तीन उरल्या. नर्सरीवाला म्हणाला, पाण्यानं मान कुजली. मी विचारलं, पाण्यानं स्लॅब कधी मेलाय? तो म्हणाला, काका, स्लॅब जिवंत नसतो. उद्धट माणूस. निळसर रंग त्याच्याकडे नाही. तो जुना, आता कुठेच मिळत नाही म्हणाला.
संध्याकाळी फोन. नातू झाला. आनंदाच्या भरात मी कळी आल्याचं सांगून बसलो. ही रडली. नातवासाठी की कळीसाठी, विचारायचं धाडस झालं नाही.

९ मार्च
एकच उरली. हात लावत नाही. श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडतो.

११ मार्च, दुपारी
गेली.
पहिला ट्रे उपसला. माती पिठाच्या चाळणीनं चाळली, भिंग घेऊन बसलो. बी कुठलं आणि वाळूचा कण कुठला, कळेना. सगळा जन्म वाळू चाळण्यात गेला माझा.

१४ मार्च, सकाळी साडेनऊ
हिचा फोन. म्हणाली, एक कबूल करायचंय. तुम्ही माझं ऐकाल असं वाटलं नाही, म्हणून अर्ध्या बिया मी इथे आणून लावल्या होत्या. बाळाच्या गडबडीत पाणी राहिलं, सगळी रोपं वाळली. तुमच्याकडची आहेत म्हणून निभावलं, नाहीतर आईचं काहीच उरलं नसतं. उगाच संशय घेतला, माफ करा.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.
मग विचारलं, फुलं किती आलीत?
खरं सांगायला मी तोंड उघडलं. नऊ म्हणालो.
हिची गाडी उद्या दुपारी दोनला पोचते.