बिनकल्हईच्या पातेल्याची हकिगत

न्यूयॉर्क, १८०६

आदरणीय त्सिपोराताईस,

धाकट्या नफ्तालीचा, दुखऱ्या कमरेला न जुमानता, वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि लंडनचं धुकं कसं आहे? (धुक्याची चौकशी मनापासून करतो आहे. इथलं आकाश फार लख्ख. घरची आठवण आली तर माणसाला तोंड लपवायला जागा नाही.) आईबद्दल दाजी दर पत्रात 'सर्व कुशल' एवढंच लिहितात. मला विकायला पाठवलेल्या तांब्याच्या पत्र्यांबद्दलही ते हेच लिहितात, आणि निम्मे पत्रे वाकलेले निघतात.

तर झालं असं. दाजींनी पाठवलेलं मोडीच्या तांब्याचं पिंप आमच्या ट्यूनिस तांबटाच्या दारात उपडं केलं. त्याला त्यातून दारूच्या भट्टीचा हंडा घडवायचा होता. त्यानं हातोडा उगारला आणि मी असा काही ओरडलो की समोरच्या गाडीचा घोडा उधळला. हातोड्याखाली आईचं माशाचं पातेलं होतं! वल्हांडणाच्या सणाचं, आंबवलेल्या पावाचा वाराही लागू नये म्हणून वर्षातून तेवढेच दिवस फडताळातून खाली उतरणारं. ओळखलं कशावरून? खूण म्हणून आईनं तळावर खिळ्यानं कोरलेलं अक्षर उलटं आहे. (लिहिता येत नाही हे शेजारणींपासून लपवण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि पातेलं मात्र चुगली करून गेलं.) मी ते छातीशी धरून भर रस्त्यात रडलो. ट्यूनिस म्हणाला, "शेठ, तांब्याचा भाव एवढा चढलाय होय?"

शुक्रवार होता, संध्याकाळी शब्बाथचा पवित्र दिवस लागणार. मला धीर धरवेना. आईसारखाच भरपूर लिंबू पिळून मासा शिजवला आणि सिनेगॉगमधली प्रार्थना आटोपताच तिथल्या तिघांना शब्बाथच्या जेवणाला ओढून आणलं. पहिला घास, ताई, अगदी आपल्या स्वयंपाकघरातला लागला. मग आम्ही चौघंही कळांनी पोट धरून लोळायला लागलो. कल्हई! पातेल्याची कल्हई पार उडालेली, लिंबानं मासा तांब्यात कळकलेला, आणि अख्ख्या गावाला तांबं विकणाऱ्या मला ते दिसलंच नाही. सिनेगॉगचे म्हातारे कारभारी हिरव्या चेहऱ्यानं म्हणाले, "नफ्ताली, तांबं विकत जा रे बाबा, वाढत जाऊ नकोस." तेव्हापासून माझ्याकडे कोणी जेवायला येत नाही. शब्बाथला मी आणि पातेलं, असे दोघेच असतो. फार आठवण येते गं तुम्हा सगळ्यांची.

दाजींना सलाम, मुलांना गालगुच्चे, आणि धुक्याला माझ्या वाटचा एक उसासा.

तुझा,
नफ्ताली

ता. क. वल्हांडणाचं पवित्र पातेलं मी एरवीच्या शुक्रवारी, पावाच्या शेजारी मांडून बाटवलं, हे आईला सांग. ती जे बोलेल ते एकही शिवी न गाळता लिहून पाठव. खरं तर पत्र त्यासाठीच आहे. आई असताना हे पातेलं मोडीत कोण घालेल, हा विचार पिंप उपडं केल्यापासून माझी पाठ सोडत नाही.

आणखी एक. पातेल्याबरोबर झाकण आलेलं नाही. ते तिथेच राहू दे. दाजींनी पुढच्या पिंपात घातलं तर काढून घे. पातेल्याला मी कल्हई करून घेतली आहे. झाकण घेऊन आईनं स्वतः यावं. तोवर मी वर ताट ठेवतो.